बंड्याला पोचवायला

कराडहून निघताना शेजारच्या बायकांनी विचारलं होतं, "मुंबईला चाललाय, काय काय बघणार?" मी म्हटलं, थोरल्या बहिणीचं घर रिकामं करायला चाललेय, बघायचं काय त्यात. ते खरंच होतं. पण सामान दीड दिवसात बांधून झालं, आणि उरलेला सगळा वेळ एका कुत्र्यासाठी जागा शोधण्यात गेला. मुंबईची उपनगरं मी पाहिली ती त्या कुत्र्याच्या मागून, हातात दोरी धरून.

मला कुत्र्यांचा लळा नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्याकडे शेवटची भाकरी कुत्र्याची. ती उंबऱ्याबाहेर टाकायची, आणि त्यानं पाय आत टाकला की हाड म्हणायचं. एवढाच व्यवहार, आणि तो आजीच्या आजीपासून बिनबोभाट चाललेला आहे. ताईचं मात्र वेगळं आहे. मुंबईत चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढल्यावर माणूस वेगळंच होतं म्हणा.

मुलुंड

ताईची इमारत चार मजली, जुनी, पुनर्विकासाला गेलेली. मी पोचले तेव्हा निम्मे बिऱ्हाडकरू गेलेले होते. जिन्यात फुटक्या कुंड्या, देवांच्या जुन्या तसबिरी, कोणाची तरी पाळण्याची कडी. प्रत्येकाला नव्या इमारतीत किती मोठी खोली मिळणार, गाडी कुठे लागणार, तोवर भाड्याच्या घराचं काय, सगळं करारात लिहिलेलं होतं. फक्त जिन्याखाली गोणपाटावर झोपणाऱ्या बंड्याबद्दल कोणी काही लिहिलेलं नव्हतं.

बंड्या म्हणजे भाजक्या विटेच्या रंगाचा साधा गावठी कुत्रा. डाव्या कानाचा शेंडा महापालिकेनं कापलेला, नसबंदी झाल्याची खूण. पिलू असताना पावसात जिन्यात शिरला तो तिथलाच झाला. ताई त्याला बंड्या म्हणायची, तळमजल्यावरच्या हंसाबेन राजा म्हणायच्या आणि वॉचमन हीरो. तो तिन्ही नावांना ओ द्यायचा, कुकरच्या शिट्टीलासुद्धा द्यायचा. हंसाबेनकडे खाखरा, ताईकडे दूध-पोळी, मुलांकडे बिस्किटं. सगळ्यांचा असल्यामुळे प्रत्येकाला वाटत होतं की दुसरं कोणीतरी नेईल. हंसाबेन मुलाकडे घाटकोपरला गेल्या तेव्हा जाताना त्याच्या कपाळाला कुंकू लावून गेल्या. गाडीत जागा नव्हती, असं ताईला फोनवर म्हणाल्या.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो गल्लीत सोडून द्या ना. कुत्राच आहे, जगेल."

"पलीकडची कुत्री त्याला उभं करत नाहीत," ताई म्हणाली. "आणि मशिनं आली की तो जिन्याखालीच जाऊन बसणार. त्याला कोण सांगणार, जिना पाडायचाय म्हणून?"

ताईला भाड्याचं घर मिळालं होतं नाहूरला, नवव्या मजल्यावर. मालकाची पहिली अट, कुत्रं-मांजर चालणार नाही. यजमान गेल्यापासून ताई एकटी आहे, मूलबाळ नाही. या वयात दुसरं घर शोधायला निघाली असती तर तेही मिळालं नसतं. तुम्ही म्हणाल, मी का नाही नेला कराडला. माझ्या सुनेला लहानपणी कुत्रं चावलेलं आहे, पोटातली इंजेक्शनं घेतलीत तिनं. अजून रस्त्यात कुत्रं दिसलं की माझा हात धरते. तिच्या दारात मी कुत्रं बांधणार नव्हते, बहिणीसाठीसुद्धा नाही.

"मी त्याला असा टाकून नाही जाणार," ताई म्हणाली. "घर दाखवीन, तिथे तो राहतोय हे बघीन, मग नाहूरला जाईन." शाळेत शिकवताना वापरायची तोच आवाज. मी मुकाट्यानं दोरी घेतली.

बोरीवली

ताईचे धाकटे दीर विनायकभावजी बोरीवलीला राहतात, अगदी जंगलाच्या कुंपणाला लागून. त्यांनी आपण होऊन फोन केला होता. आमच्याकडे आणा, सोसायटीला कुत्रा हवाच आहे. जायला वाहन मिळेना. पहिल्या रिक्षावाल्यानं बंड्याकडे पाहिलं आणि रिक्षा न थांबवताच पुढे गेला. दुसरी गाडी बोलावली, तिच्या ड्रायव्हरनं काच खाली केली, "ये भी आयेगा क्या?" असं विचारलं आणि काच वर केली. शेवटी गादीवाल्याच्या टेम्पोत बसून गेलो. कापसाच्या गठ्ठ्यांवर बंड्या राजासारखा बसला होता आणि आम्ही दोघी खाली फळीवर.

बोरीवलीची ती बाजू मुंबई वाटतच नाही. एका अंगाला वीस-वीस मजले आणि दुसऱ्या अंगाला सरळ जंगल, मध्ये एक भिंत. आमच्याकडे गाव संपतं, मग शेतं, मग माळ, मग डोंगर, असं बेताबेतानं जातं. इथे गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलवरून नजर उचलली की रान. भावजींच्या मंडळींनी वालाचं बिरडं केलं होतं, आमसुलाचं सार, गरम भात. ताई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. बंड्या गॅलरीत पसरला होता आणि मला वाटलं, चला, काम झालं, उद्या परवा मी कराडला.

तिन्हीसांजेला आम्ही गॅलरीत बसलो. खाली अंगण चांगलं मोठं होतं, पण मुलं वर बोलावून घेतलेली.

"जागा छान आहे भावजी," ताई म्हणाली. "आधी इथे कुत्रं नव्हतं का?"

"होती ना. आत्तापर्यंत चार-पाच झाली."

"झाली म्हणजे?"

"बिबट्या येतो वहिनी. भिंत त्याला काय, एक उडी." विनायकभावजींनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं, पाण्याची वेळ सांगावी तसं सांगत होते. "कुत्रं असलं की बरं असतं. आधी ते ओरडतं, मग सगळे आत जातात. आणि नेलंच तर त्याला नेतो, आपली पोरं वाचतात. गेल्या दिवाळीपासून एकही नाहीये, म्हणून तर तुम्हाला फोन केला."

मला राग आला नाही, हे विशेष. कुठेतरी वाचलं होतं की फार पूर्वी लांडगे माणसाच्या शेकोटीजवळ यायला लागले, उष्ट्यासाठी, आणि मग त्यातलेच काही कुत्री झाले. वाचताना मला ते गोड वाटलं होतं. त्या गॅलरीत बसल्यावर कळलं की शेकोटीभोवतीच्या माणसांनी त्यांना हाकललं का नसेल. शेकोटी आणि अंधार यांच्या मध्ये कोणीतरी झोपलेलं त्यांना हवं होतं. भावजींच्या नातवंडांचे चेहरे पाहिले तर त्यांना तरी काय बोल लावायचा.

सकाळी ताईनं दोरी उचलली. "त्याला तिथली हवा मानवणार नाही," असं काहीतरी भावजींना सांगितलं.

मढ

मग ताईला शकुंतला आठवली. ताई अंधेरीच्या शाळेत शिकवायची तेव्हा शकुंतला तिथे सेविका होती, मढच्या कोळीवाड्यातली. दोघी एकाच सुमारास निवृत्त झाल्या. शकुंतला घरच्या धंद्यात परत गेली, बोंबील सुकवायचा. ताईनं फोन केला तर ती म्हणाली, "आना की बाई. कावले लई झालेत, आमची कुत्री म्हातारी झालीत."

वर्सोव्याहून मढला होडी जाते. माणसं, मोटारसायकली, पाण्याचे जार, सगळं एकाच फळीवरून चढतं. बंड्या आधी घाबरला, मग ताईच्या पदराला नाक लावून बसला. खाडीचं पाणी काळं होतं आणि त्यावर प्लास्टिक एवढं की होडीवाला मध्येच इंजिन बंद करून पंख्यात अडकलेली पिशवी काढत होता. मी समुद्र म्हणजे हर्णै-मुरुडचा पाहिलेला. हे पाणी पाहून मन खट्टू झालं.

पण पलीकडे उतरल्यावर जे दिसलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. बांबूंच्या उंच चौकटी, त्यांना आडव्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बोंबील लटकवलेले, दोन-दोनांची तोंडं एकमेकांत अडकवून. त्याला ती माणसं वलांडी म्हणतात. लांबवर वलांडीच वलांडी, वर घिरट्या घालणारे कावळे आणि घारी, खाली कुत्री. ती कुत्री पाळलेली नाहीत आणि मोकाटही नाहीत. प्रत्येक घराच्या वलांडीखाली त्या घराची ठरलेली कुत्री असतात. कावळा बसला की उठतात, हुसकावतात, परत सावलीत येतात. संध्याकाळी त्यांना मासळीची डोकी मिळतात. लाड नाही, मारही नाही. आमच्या कराडच्या भाकरीपेक्षा हा हिशेब मला जास्त सरळ वाटला.

शकुंतला ठेंगणी, काळीसावळी, नाकात मोठी चमकी. तिनं बंड्यापुढे एक ओला बोंबील टाकला. बंड्यानं तो हुंगला, दोन पावलं मागे सरकला आणि ताईच्या पिशवीकडे बघायला लागला. पिशवीत पोळी होती.

"बाई," शकुंतला म्हणाली, "ह्याला जैन करून ठेवलाव की काय?"

आम्ही तिघी हसलो. त्या प्रवासात तेवढंच एकदा हसलो असू. तेवढ्यात तिथली कुत्री उठली आणि एकदम धावून आली. बंड्या पाठीवर पडला, चारही पाय वर. शकुंतलेनं काठी आपटून त्यांना पांगवलं. मग मासळी धुतलेल्या पाण्याचा डबा आणून तिनं बंड्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत ओतला. आम्ही नाकाला पदर लावले.

"वास बदलला की कुत्रा आपला झाला," ती म्हणाली. "माझे सासूनी सांगलेला. ही डोल्यांनी नाय वलखत, नाकानी वलखतात. दोन-तीन दिस हाच वास ऱ्हाव दे त्याला."

आणि खरंच, त्या संध्याकाळी कुत्री आली, हुंगली, गुरगुरली आणि निघून गेली. बंड्या सगळ्यात टोकाच्या वलांडीखाली झोपला. आम्ही शकुंतलेकडेच राहिलो. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची झणझणीत चटणी, वर कांदा. ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटाचं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बंड्यानं बोंबलाचं डोकं खाल्लं. तिसऱ्या दिवशी कावळ्यावर भुंकला. शकुंतलेनं लांबूनच "शाब्बास रं" म्हटलं. मी ताईकडे पाहिलं, ती खूश होईल म्हणून. ती खूश होती, पण तिनं पिशवीतली पोळी काढली, बघितली आणि परत ठेवली.

शकुंतलेचंही फार बरं चाललेलं नाही. मासळी कमी झाली आहे, मुलगा अंधेरीला एका कंपनीत सुरक्षारक्षक आहे, आणि वलांडीच्या जागेवर कोणाकोणाचा डोळा आहे असं ती सांगत होती. "मी हाय तवर हाय," ती म्हणाली. म्हणजे एका पडणाऱ्या घरातून काढून आम्ही त्याला दुसऱ्या तशाच ठिकाणी ठेवत होतो. हे ताईला कळलं नसेल असं नाही.

त्यानंतर रविवार आला. मी उठले तेव्हा ताई अंथरुणात नव्हती. शकुंतला बाजारात गेलेली. बाहेर जाऊन बघते तर नळाखाली बंड्या उभा आणि ताई त्याला साबणानं चोळतेय. मुलुंडला ती दर रविवारी त्याला आंघोळ घालायची, गेली कित्येक वर्षं. तिनं त्याच्या पोटाखालचा फेस धुतला, जुन्या टॉवेलनं पुसलं, कान साफ केले. बंड्या डोळे मिटून उभा होता.

"किती घाण वास येत होता गं," ती म्हणाली. "जायच्या आधी एकदा स्वच्छ करते." तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा समाधान दिसलं, म्हणून मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही. कुत्र्याला स्वच्छ करण्यात चूक काय असणार?

बंड्या अंग झटकून उड्या मारत वलांडीकडे गेला. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी झोपला त्याच कुत्र्यांकडे. त्यांच्या नाकाला तो परका होता, सुगंधी साबणाचा वास येणारा कोणीतरी. आम्ही पोचेपर्यंत तीन-चार जणांनी त्याला खाली घेतला होता. शेजारच्या बायका बांबू घेऊन धावल्या म्हणून वाचला. उजवा कान फाटला, मानेवर दात लागले. ताई चिखलात बसून त्याला धरून होती आणि "मीच गं, मीच" एवढंच म्हणत होती.

शकुंतला आली. तिनं जखमेत हळद भरली, पुन्हा तोच डबा आणला आणि पाणी त्याच्यावर ओतलं, जखमांवरूनसुद्धा. बंड्या कळवळला. मग ती ताईसमोर उकिडवी बसली.

"बाई, राग नका मानू. तुमी आता जावा. तुमी हाव तवर त्यो तुमचाच ऱ्हानार, माझा व्हनार नाय. आनि ह्यांचा तर नायच नाय."

"बांधून ठेवशील का चार दिवस?" ताईनं विचारलं.

"बांधला तर मरल. कुत्री अंगावर आली तर पलायला तरी पाहिजे ना त्याला."

आम्ही सामान बांधलं. ताईनं त्याला जवळ घेतलं नाही. साबणाचा वास अजून आपल्या हाताला असेल, म्हणाली.

बंड्या अर्थातच मागे आला. लंगडत नाही, पळत नाही, शेपूट हलवत, बाजारात निघाल्यासारखा. धक्क्यावर होडी लागलेली होती. तो फळीवर चढणार हे दिसत होतं, आणि नाही चढवला तर पाण्यात उडी घेणार हेही. त्या पाण्यात, होड्यांच्या पंख्यांमध्ये. शकुंतला लांब वलांडीजवळून तिनं ठेवलेल्या नव्या नावानं हाका मारत होती, पण त्या नावाची त्याला अजून सवय झाली नव्हती.

"हाकल गं त्याला, सुमे," ताई म्हणाली. "तुला सवय आहे."

आमच्याकडे कुत्रं हाकलायला दगड लागत नाही. नुसतं वाकायचं आणि हात जमिनीकडे न्यायचा. माणूस वाकला की दगड येतो, हे आमच्याकडचं पिलू डोळे उघडताच शिकतं आणि वेस ओलांडून पळतं. हजारो वर्षं आपण एकत्र राहिलो, त्यात एकमेकांना शिकवलेली ही एक गोष्ट. मी वाकले.

बंड्या माझ्याकडे आला आणि त्यानं माझ्या हातात नाक घातलं.

त्या इमारतीत त्याच्यासमोर जो कोणी वाकला होता तो काहीतरी द्यायलाच वाकला होता. हंसाबेन, वॉचमन, सगळी पोरं. वाकण्याचा दुसरा अर्थ त्याला ठाऊकच नव्हता. मी हाड म्हटलं, पुन्हा वाकले, तर तो बसला आणि त्यानं पंजा पुढे केला. मला त्या लोकांचा भयंकर राग आला. एवढा चांगला कुत्रा करून ठेवायचा आणि मग गाडीत जागा नाही म्हणायचं.

"मावशी, बसताव की नाय?" होडीवाला म्हणाला.

ताईनं पिशवी माझ्याकडे दिली. धक्क्याच्या कडेचा सिमेंटचा तुकडा निखळलेला होता, तो तिनं उचलला. मला वाटलं, बाजूला टाकेल, घाबरवेल नुसतं. तिनं नेम धरून मारला.

तुकडा बंड्याच्या मागच्या पायावर बसला. तो केकाटला, बाजूला झाला आणि त्यानं मागे वळून पाहिलं, कोणी मारलं ते बघायला. मागे कोणी नव्हतं. मग त्यानं ताईकडे पाहिलं आणि शेपूट एकदा हलवली.

ताई पुन्हा वाकली. या वेळी तिच्या हातात काही नव्हतं. बंड्या पळाला, तीन पायांवर, वलांडींच्या दिशेनं, आणि त्यानं वळून पाहिलं नाही.

आम्ही होडीत बसलो. इंजिन सुरू झालं. ताई किनाऱ्याकडे पाठ करून बसली होती. बराच वेळ ती आपले हात बघत राहिली.

"जोरात लागलं का गं त्याला?"

"नाही," मी म्हटलं. "लागलाच नाही. बाजूनं गेला."

तिनं मान हलवली. वर्सोव्याचा धक्का जवळ आला, होडीवाल्यानं दोर फेकला, माणसं उठायला लागली.

"मग मी वाकल्यावर पळाला कशाला?" ताई म्हणाली.